भिकाबाई राठोड, निगेटिव्ह

१

भिकाबाई नेमसिंग राठोड यांचा कोरोनाचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, ही बातमी मोहा तांड्यावर मंगळवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पोचली. बातमी आनंदाची होती. अडचण एवढीच, की भिकाबाईंना जाऊन पाच महिने होत आले होते.

मेसेज आला तो त्यांच्या नवऱ्याच्या, नेमसिंगच्या, बटणाच्या डब्बा फोनवर. नेमसिंगला अक्षर येत नाही, आकडा तेवढा येतो. पण पुतण्या दिपक नेमका तिथेच चहा पीत बसला होता. दिपकचं कळमनुरीला झेरॉक्स आणि रिचार्जचं दुकान. इंग्रजी वाचणं त्याच्या धंद्यातच येतं. त्यानं मेसेज तीनदा वाचला. नाव भिकाबाई नेमसिंग राठोड. वय छप्पन्न. नमुना घेतला सोमवारी, कळमनुरी केंद्रावर. निष्कर्ष निगेटिव्ह.

एप्रिलमध्ये भिकाबाई नांदेडच्या दवाखान्यातून बाहेर आल्या त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. तोंड कुणीच पाहिलं नव्हतं. पॉझिटिव्ह माणसाचं तोंड दाखवायचं नाही, असा नियम होता. त्या दिवसांत पिशव्यांची अदलाबदल झाल्याच्या बातम्याही पेपरात येतच होत्या. दिपकनं दोन अधिक दोन केले आणि ओरडला,

"काका, काकी जित्ती हाय! पिशवीत दुसरंच कुणीतरी व्हतं!"

अर्ध्या तासात अख्खा तांडा अंगणात जमला. नेमसिंग मात्र एक शब्द बोलला नाही. त्यानं फोन घेतला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि खिशात ठेवला.

आत त्याची मुलगी निता बॅग भरत होती. निता नर्स होती. हिंगोलीच्या कोविड वॉर्डात दीड वर्ष काढून तिला शारजाच्या एका दवाखान्यात नोकरी लागली होती. शनिवारी दुपारी दोन वाजता हैदराबादहून विमान होतं.

नेमसिंग दारात उभा राहिला.

"निता," तो म्हणाला, "तुजं जाणं थांबव. तुज्या याडीचं एक काम राह्यलंय."

याडी म्हणजे आई. निताच्या हातातला युनिफॉर्म हातातच राहिला.

२

माणिकराव एसटीत एकतीस वर्षं कंट्रोलर होते, त्यातली अठरा कळमनुरीच्या स्टँडवर. गाड्या लावणं हे त्यांचं काम, आणि हरवलेल्या सामानाचं कपाट हे त्यांचं राज्य. छत्र्या, डबे, एकदा तर कवळी. सगळं त्यांनी ज्याचं त्याला परत केलं. वस्तू हरवत नसते, ती फक्त दुसऱ्या गाडीत बसलेली असते, असं त्यांचं मत होतं. निवृत्त झाल्यावरही ते रोज सकाळी स्टँडवर येत. नव्या कंट्रोलरला ते आवडत नसे, म्हणून अगदी वेळेवर येत.

बुधवारी सकाळी त्यांना फलाट दोनवर नेमसिंग दिसला. धुतलेलं धोतर, डोक्याला लाल पागोटं, काखेत प्लॅस्टिकची पिशवी. दोन गाड्या लागल्या आणि सुटल्या, तरी तो हलला नाही. शेजारच्या बाकावर दिपक होता. तो माणिकरावांना पाहताच धावत आला आणि एका दमात सगळं सांगून मोकळा झाला.

"काका सकाळपासून काकीची वाट बघू राह्यले. साहेब, तुमी कवळीचा मालक शोधला, आमची काकी शोधा."

माणिकरावांनी नेमसिंगला चहा पाजला. तीस वर्षांची ओळख. नेमसिंग साखर कारखान्याच्या ऊसतोड टोळीचा मुकादम होता. चाळीस हंगामांतल्या ट्रॅक्टरांचे नंबर त्याला तोंडपाठ.

"नेमसिंग, भिकाबाईंना नांदेडला नेलं तेव्हाचं काही ध्यानात आहे?"

"समदं हाय. अँबुलन्स सत्तावीस चौतीस. खाट एकतीस. सतरा एप्रिलला भरती केलं, एकोणीसला सकाळी नऊ पंचवीसला गेली. बाहेर थांबायचं टोकन एकशे चौदा."

मग माणिकरावांनी फोन मागितला. मंगळवारच्या मेसेजच्या खाली सोमवारचा आणखी एक मेसेज होता. अकरा वाजून वीस मिनिटांचा. सहा आकडी नंबर. तपासणीला नाव घालायचं तर आधी हा नंबर फोनवर येतो आणि तो केंद्रावर सांगावा लागतो, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणजे फोन नेमसिंगच्या खिशात होता, आणि नमुना देणाऱ्याला हा नंबर कुणीतरी वाचून दाखवला होता.

आलेल्या फोनांची यादी त्यांनी पाहिली. डब्बा फोन शेवटचे दहाच फोन लक्षात ठेवतो. कालपासून दहाही तांड्याचेच होते.

"नेमसिंग, सोमवारी हा नंबर तुला कुणी विचारला?"

नेमसिंगनं चहाचा कप खाली ठेवला. फलाटाकडं बघितलं.

"ध्यानात न्हाई, साहेब."

३

दिपकचं दुकान स्टँडच्या मागंच होतं. भिंतीला तांड्यातल्या निम्म्या लोकांचे फोटो चिकटवलेले, प्रत्येकाच्या चार चार प्रती.

"तुझ्याकडं भिकाबाईंचं आधार असेल?" माणिकरावांनी विचारलं.

"समद्या तांड्याचं हाय. पर झेरॉक्स."

"खरं कार्ड?"

"ते घरी, पत्र्याच्या पेटीत." दिपकचा आवाज उतरला. "तुमी माज्यावर डाऊट घेऊन राह्यले व्हय?"

"मी सगळ्यांवर घेतो. एकदा स्वतःवर पण घेतला होता. छत्री माझ्याच घरी निघाली. भिकाबाईंचं नाव अजून सरकारी यादीत कसं? कमी काहून नाही केलं?"

"म्या गेलतो ना अर्ज घेऊन! तिथला बाबू म्हनला, अर्जावर अर्जदाराची सही पायजे. म्या म्हनलं, अर्जदार मेलेली हाय. तो म्हनला, मग अंगठा चालंल."

माणिकरावांना हसू आलं नाही. सरकारी कामाचा त्यांनाही एकतीस वर्षांचा अनुभव होता.

"सोमवारी अकराला कुठं होतास?"

"हितंच. बाजाराचा दिवस. पीक विम्याची शंभर माणसं दारात. इचारा कुणालाबी." मग तो जरा ओशाळून म्हणाला, "साहेब, काल म्या त्या रिपोर्टाचं प्रिंट काढलं. लॅमिनेशन केलं. काकानंच सांगितलं, भिजायला नको म्हून."

"ते काखेतल्या पिशवीत आहे?"

"व्हय. धा वेळा काढून बघतेत. वाचता येत न्हाई तरी."

"आणि निताचं काय?"

दिपकनं मान हलवली. "तिचं अवघड हाय. जुलैमंदी एकदा तिकीट काढलं, तर तपासणी पॉझिटिव्ह आली. ना ताप, ना खोकला. तिकीट गेलं. आता तिकडचे म्हनतेत, ह्या बारी न्हाई आली तर दुसरीला घेऊ. उद्या नांदेडला तिची तपासणी हाय. पर काका म्हनतेत, जायचं न्हाई."

शारजाला जायचं म्हणजे नियमांची एक लांब रांग होती. लसीचे दोन डोस. विमान सुटायच्या आधी अठ्ठेचाळीस तासांच्या आतला निगेटिव्ह रिपोर्ट. एकोणपन्नासाव्या तासाचा असेल तर तो शिळा. त्यावर क्यूआर कोडचा ठिपक्यांचा चौकोन. विमानतळावर पुन्हा एकदा झटपट तपासणी, उतरल्यावर आणखी एकदा. नाक तेच, नियम मात्र दर मुक्कामाला वेगळे.

उद्या दुपारी दोननंतर नमुना दिला नाही, तर विमान गेलं. माणिकरावांनी घड्याळ बघितलं. हातात एक दिवस होता.

४

तपासणी केंद्र शाळेच्या ओसरीवर होतं. तिथं नमुने घेणारा संतोष तरुण होता, पण दीड वर्षात पंचावन्नचा दिसायला लागला होता. भिकाबाईंचं नाव काढताच त्याचा रंग उडाला.

"काका, वर तक्रार गेली का?"

"कसली तक्रार?"

संतोष फसला. मग त्यानं इकडंतिकडं पाहून सांगूनच टाकलं. रोज शंभर नमुने घ्या, असा हुकूम. येतात चाळीस. बाकीचे साठ मतदार यादीतून येतात. "माझ्या स्वतःच्याच नाकात इतक्या वेळा काडी घातली काका, की आता वासच येत नाही."

"म्हणजे भिकाबाईंचं नाव तूच टाकलंस?"

"नाही ना! यादीतल्या नावांना मी माझा स्वतःचा मोबाईल नंबर टाकतो. नाहीतर तो सहा आकडी नंबर मला कोण सांगणार?"

माणिकरावांना हे पटलं. खोटेपणालाही वेळापत्रक असतं आणि संतोष ते पाळत होता. मेसेज नेमसिंगच्या फोनवर आला, म्हणजे ही नोंद संतोषच्या साठांतली नव्हती. कुणीतरी खरंच येऊन बसलं होतं.

"आठवतं का कोण होतं?"

"एक बाई. दोन मास्क, वरून रुमाल. कार्ड खरं दाखवलं, झेरॉक्स नाही. चेहरा कुठं जुळवणार? मी आता माणूस बघत नाही काका, नाक बघतो." तो थांबला. "पण ही ध्यानात राहिली. तीनदा पुकारलं, भिकाबाई राठोड, भिकाबाई राठोड. समोर बसलेली, तरी उठेना. मग एकदम उठली. आणि काका, लोक काडी बघितली की पळतात, हात धरतात, शिव्या देतात. ही बाई मान बरोबर मागं टाकून बसली. मला म्हणाली, अजून मागं घ्या, दोन्हीकडून घ्या, नीट फिरवा. असं आजवर कुणी म्हटलं नाही."

"आणखी काही?"

"डोळ्यांत पाणी होतं. ते सगळ्यांच्याच येतं, काडी आत गेल्यावर." संतोषनं हातातल्या नळ्या खाली ठेवल्या. "हिच्या आधीच आलं होतं."

५

संध्याकाळी चार वाजता माणिकराव तांड्यावर गेले. नेमसिंग अजून स्टँडवरच होता. निता ओट्यावर बसली होती. बॅग भरलेली होती आणि तिला कुलूपही लावलेलं होतं.

"काका, चहा ठेवू?"

"ठेव. आधी एक सांगतो, चुकलं तर चूक म्हण." माणिकराव खाटेवर टेकले. "तपासणीला बसणारा माणूस, काडी लांब राहावी म्हणून देव आठवतो. अजून मागं घ्या, असं कोण म्हणेल? ज्याला रिपोर्ट नको, खरं काय ते हवंय, तो. आणि मान किती टाकायची हे कुणाला ठाऊक? ज्यानं दुसऱ्यांच्या माना हजार वेळा टाकल्यात, त्याला. पेटीतलं खरं कार्ड घरच्याच माणसाला मिळणार. आणि परक्यानं फोन करून नंबर विचारला असता, तर नेमसिंगनं त्या परक्याचाही नंबर मला पाठ म्हणून दाखवला असता."

नितानं चुलीवर चहा ठेवला.

"जुलैत माझ्या नावावर पॉझिटिव्ह लागलं," ती म्हणाली. "मी बरी होऊन महिना झाला होता, काका. नाकात मेलेला विषाणू सापडतो कधीकधी, तेवढाच. पण कागदाला ते कळत नाही. पुन्हा माझ्या नावावर तसं लागलं असतं तर सगळं संपलं. म्हटलं, आधी एकदा बघून घ्यावं. दुसऱ्या कुणाचं नाव दिलं, आणि पॉझिटिव्ह निघालं, तर त्या माणसाला उचलून नेतील, घराला पत्रे ठोकतील. याडीला..." ती थांबली. "याडीला आता कुठं नेणार होते?"

माणिकरावांनी आयुष्यात पुष्कळ सबबी ऐकल्या होत्या. इतकी बिनतोड आणि इतकी वाईट एकही नव्हती.

"मोबाईल बाचाच द्यावा लागला. माझा आधीच माझ्या नावाला जोडलाय. बाला फोन केला, म्हटलं, एक नंबर आलाय तो वाच. गॅसचा नंबर वाचतो तसा वाचला त्यानं. रिपोर्टाला तीन दिवस लागतात. बुधवारी त्याच्या फोनमधून मेसेज काढून टाकणार होते."

"आणि तो दीड दिवसात आला."

"दीड दिवसात."

सरकारी काम पहिल्यांदाच वेळेआधी झालं होतं, आणि त्यानंच घात केला होता.

"मग नेमसिंगला सांग."

"कसं सांगू?" तिचा आवाज फाटला. "काल रातीपासून तो जेवला न्हाई, पर त्याच्या तोंडावर उजेड हाय. पाच महिन्यांत पहिल्यांदा दाढी केली त्यानं. मी सांगायचं, की बा, ती न्हाई, ती मीच व्हते? याडीला दुसऱ्यांदा मी मारू? जाऊ द्या ती शारजा. मी न्हाई जात."

"त्यानं तुला नेमकं काय म्हटलं? शब्द सांग."

"तुज्या याडीचं एक काम राह्यलंय."

"काम? शोध नाही, काम?"

"काम."

माणिकरावांचा हात चहाच्या कपावर थांबला. एकतीस वर्षं कंट्रोलर, आणि सकाळपासून त्यांना एक साधी गोष्ट दिसली नव्हती. नेमसिंग फलाट दोनवर उभा होता. नांदेडहून येणाऱ्या गाड्या फलाट चारवर लागतात. दोनवरून नांदेडला जाणाऱ्या सुटतात.

काकी जित्ती आहे, हे दिपक ओरडला होता. तांडा ओरडला होता. नेमसिंग तसं एकदाही म्हणाला नव्हता.

६

स्टँडवर ऊन उतरलं होतं. नेमसिंग तिथेच होता, पिशवी काखेत.

माणिकराव शेजारी बसले. "नेमसिंग, तू भिकाबाईंची वाट बघत नाहीस. तुला नांदेडला जायचंय."

"व्हय."

"मग बसला काहून नाहीस?"

"सकाळपासून आठ गाड्या गेल्या. पाय उचलंना, साहेब."

"सोमवारी नंबर कुणी विचारला?"

नेमसिंगनं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "पोरीनं. तुमाला ठाऊक हाय, मलाबी ठाऊक हाय. पोरगी अडचणीत येईल म्हून न्हाई सांगितलं. मंगळवारी दिपक वाचाया लागला तवाच समजलं. म्या काय येडा हाय व्हय? पिशवी म्या उचलली व्हती. चाळीस साल तिनं डोक्यावर उसाच्या मोळ्या उचलल्या, तिचं वजन मला ठाऊक न्हाई?"

एक गाडी लागली. कंडक्टर नांदेड, नांदेड ओरडला. दोघंही उठले नाहीत.

"मग हे काय आहे?" माणिकरावांनी पिशवीकडं बोट केलं.

नेमसिंगनं लॅमिनेशन केलेला कागद बाहेर काढला. उलटा धरला होता. माणिकरावांनी तो सुलटा करून दिला.

"त्या दिवशी दवाखान्यात एक शिपाई व्हता. म्या त्याच्या पाया पडलो. म्हनलं, एक बार तोंड दाखवा. तो बी रडला बिचारा. म्हनला, बाबा, पॉझिटिव्ह हाय, नियम न्हाई. निगेटिव्ह असती तर म्या सोता दाखवलं असतं." त्यानं कागदावर अंगठा फिरवला, जिथं नाव असावं असं त्याला वाटत होतं तिथं. "आता निगेटिव्ह हाय ना, साहेब. मला समजतंय, काय उरलं नसंल. पर कागद हाय. आता तोंड दाखवतेत का?"

माणिकरावांनी कागद पुसून त्याच्या पिशवीत परत ठेवला.

"उद्या जाऊ," ते म्हणाले. "निता पण येईल. तिचंही नांदेडलाच काम आहे."

७

गुरुवारी स्टँडवरच्या कय्युमभाईंची भाड्याची जीप तिघांना घेऊन निघाली. कय्युमभाई रस्ताभर बोलणारा माणूस, त्या दिवशी त्यांनी गाणीसुद्धा लावली नाहीत. जीपमध्ये निता बापाला म्हणाली, "बा, ते मीच..." नेमसिंगनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "नाक नीट दे आज." तो विषय तिथेच संपला.

अडीच वाजता निताचा नमुना झाला, तिच्या स्वतःच्या नावानं. मग ते दवाखान्यात गेले. तो शिपाई तिथं नव्हता. मेच्या पहिल्या आठवड्यात तोही गेला होता. खिडकीतल्या माणसानं कागद दोनदा वाचला, मग जुनं रजिस्टर काढलं. एकोणीस एप्रिल, खाट एकतीस. मेलेल्या माणसाचा रिपोर्ट मागाहून निगेटिव्ह आला तर काय करायचं, याचं परिपत्रक निघालेलं नव्हतं. शेवटी तो उभा राहून म्हणाला,

"बाबा, उशीर झाला हो."

"त्या दिवशी लवकर झालं व्हतं," नेमसिंग म्हणाला, आणि कागद पिशवीत ठेवला.

शुक्रवारी निताचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. शनिवारी सकाळी सात वाजता ते हैदराबादच्या विमानतळावर होते. प्रवाशाशिवाय कुणाला आत सोडत नव्हते. लोखंडी कठड्याच्या अलीकडं नेमसिंग, माणिकराव आणि कय्युमभाई. पलीकडं निता, तोंडावर दोन मास्क, वर प्लॅस्टिकची काच. डोळे तेवढे दिसत होते, तेही वाफेनं धुकटलेले. रडायचं ठरवलं तरी कुणाला कळलं नसतं.

दाराशी बंदूकवाल्या जवानानं तिचा पासपोर्ट घेतला. फोटो पाहिला, तिच्याकडं पाहिलं.

"मास्क नीचे कीजिए. चेहरा दिखाइए."

नितानं काच वर केली. दोन्ही मास्क हनुवटीखाली ओढले. आणि जवानाकडं न बघता ती वळली, कठड्याकडं.

भिकाबाईंचंच कपाळ, तेच गाल, रडू दाबताना खालचा ओठ तसाच आत घेतलेला.

"इधर देखिए, मॅडम," जवान म्हणाला. मग त्यानं कठड्यापलीकडचं लाल पागोटं पाहिलं आणि पासपोर्ट पुन्हा पहिल्या पानापासून चाळायला घेतला. घाई नसल्यासारखा, एकेक पान.

नेमसिंग बघत राहिला. पिशवी त्याच्या काखेतून केव्हा खाली पडली, ते त्याला कळलं नाही. माणिकरावांनी ती उचलली, धूळ झटकली आणि हातात धरून ठेवली. ज्याची वस्तू आहे तो मागेल तेव्हा द्यायची, ही त्यांची जुनी सवय.

नेमसिंगनं ती मागितली नाही.